पाणी बनवणाऱ्या कंपनीचा मालक बदलतो तेव्हा : नौदलाच्या खरेदी विभागांना खुले पत्र

प्रति,
महासंचालक (अधिग्रहण), संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली
सागरी अभियांत्रिकी संचालनालय, नौदल मुख्यालय, नवी दिल्ली
खरेदी विभाग, माझगाव डॉक शिपबिल्डर्स लिमिटेड, मुंबई

महोदय,

२०२३ साली अमेरिकेतल्या फेअरबँक्स मोर्स डिफेन्सने मॅक्सिम वॉटरमेकर्स विकत घेतली. फेअरबँक्स मोर्स ही विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटची जुनी इंजिन कंपनी, अमेरिकी नौदलाच्या जहाजांना डिझेल इंजिने पुरवणारी. मॅक्सिम समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणारी यंत्रे बनवते. जानेवारी २०२० मध्ये आर्कलाइन या गुंतवणूक संस्थेने एनप्रोकडून फेअरबँक्स मोर्स घेतली आणि तेव्हापासून तिच्या पंखाखाली एकेक छोटी कंपनी येत गेली : इलेक्ट्रिक मोटर बनवणारी वॉर्ड लिओनार्ड, व्हाल्व्ह बनवणारी हंट व्हाल्व्ह, बोटी उतरवण्याचे डेव्हिट बनवणारी ब्रिटनची वेलिन लॅम्बी. एकेक यंत्र गोळा करत अख्खी इंजिनरूम एका छताखाली आणायची, असा हा बेत दिसतो.

अमेरिकी नौदलाने त्याबद्दल काय करावे हा आमचा विषय नाही. आम्ही जहाजांवर आरओ प्लांट (समुद्राचे पाणी दाबाने पडद्यातून गाळणारे) आणि फ्रेश वॉटर जनरेटर (तेच पाणी उष्णतेने गोडे करणारे) बसवतो, चालू करून देतो आणि बिघडले की उघडतो. पत्र तुम्हाला लिहितो आहोत, कारण युद्धनौकेचे आयुष्य २५ ते ३० वर्षांचे असते आणि पाण्याच्या यंत्राच्या कंपनीचा मालक तेवढ्या काळात बदलणार हे धरूनच चालायला हवे. व्यापारी जहाजांच्या दुनियेत हे केव्हाच अंगवळणी पडले आहे. आल्बोर्ग इंडस्ट्रीज २०११ मध्ये अल्फा लावलकडे गेली, हॅमवर्दी २०१२ मध्ये वॉर्टसिलाकडे. कारखान्यावरच्या पाट्या बदलल्या, जहाजांवरची यंत्रे जुन्याच पाटीने चालत राहिली.

विक्री म्हणजे वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. छोट्या कंपनीचे दुखणे वेगळेच असते. नौदलाची ऑर्डर येते ती एकदम चार-सहा जहाजांची, मग तीन वर्षे शुकशुकाट. मधल्या काळात स्पेअर्स कपाटात भरून ठेवायला तिच्याकडे पैसा नसतो. मोठा मालक आला की कपाट भरते, बंदराबंदरांत माणूस मिळतो. तेव्हा कंपनी कोणी घेतली यापेक्षा, घेतल्यावर जहाजाला नेमके काय मिळेनासे होते, याकडे बघा. गोम तिथे आहे, आणि तिथेच आपले करार गप्प असतात.

सगळ्यांना काळजी असते मेम्ब्रेनची, म्हणजे आरओमध्ये मीठ अडवणाऱ्या पडद्याची. ती काळजी चुकीच्या जागी आहे. दिवसाला ३० टनांचा प्लांट घ्या. माणशी १२० लिटर धरले तर अडीचशे माणसांना तो एकटा पुरतो. ताशी सव्वा टन गोड्या पाण्यासाठी, ३५ टक्के रिकव्हरीने (आत घेतलेल्या पाण्यापैकी तेवढेच गोडे होते), त्याला साडेतीन टनांच्या आसपास समुद्राचे पाणी आत घ्यावे लागते. २० मायक्रॉन आणि ५ मायक्रॉनचे कार्ट्रिज, मग हाय प्रेशर पंप, ६० बारच्या आसपास दाब, आणि ८ इंची तीन किंवा ४ इंची दहा-बारा मेम्ब्रेन. दाबातली ऊर्जा परत वापरायची सोय (एनर्जी रिकव्हरी) नसेल तर टनामागे साधारण सहा युनिट वीज. यातले मेम्ब्रेन ८ बाय ४० किंवा ४ बाय ४० इंचांचे, जगभर एकाच मापाचे. फिल्मटेकचे काढा, टोरेचे घाला, हायड्रॉनॉटिक्सचे घाला, बसते. कार्ट्रिजचेही तेच. लोहार चाळीतल्या दुकानातसुद्धा २० इंची ५ मायक्रॉनचे कार्ट्रिज मिळेल.

मिळत नाहीत त्या फुटकळ वाटणाऱ्या वस्तू. व्हेसलच्या (मेम्ब्रेन भरलेल्या नळकांड्याच्या) टोकाचा अडॅप्टर, पंपाचे सील किट, पाण्याचा खारटपणा मोजणाऱ्या कंडक्टिव्हिटी मॉनिटरचे कार्ड, कंपनीने स्वतः कोरून घेतलेला मॅनिफोल्ड ब्लॉक (नळ्या जोडणारा ठोकळा) आणि पीएलसीमधला, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरमधला, प्रोग्राम. मालक बदलला की पहिला हात याच गोष्टींवर पडतो. नवे घर आपला माल एकसारखा करू लागते, जुन्या मॉडेलचे पार्ट नंबर नव्या यादीत विलीन होतात आणि ‘याऐवजी हे वापरा’ असा एक ओळीचा कागद येतो.

त्या एका ओळीने काय होते ते ओ-रिंगवरून, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कडीवरून, सांगतो. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) अचानक ३०० वरून ९०० वर गेला, तर बहुतेक जण मेम्ब्रेन संपले म्हणून मोकळे होतात. तसे करू नका. प्लांट चालू ठेवा, प्रॉडक्टच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या, बाजूचा प्लग काढा आणि बारीक प्लॅस्टिकची नळी व्हेसलच्या मधल्या ट्यूबमधून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. मग २०-२० सेंटिमीटर मागे ओढत प्रत्येक ठिकाणी नळीतून येणारे पाणी मीटरवर मोजा. आकडा सगळीकडे चढलेला असेल तर मेम्ब्रेन बहुधा क्लोरिनने खाल्ले आहे. एकाच जागी, दोन मेम्ब्रेनच्या सांध्यावर किंवा टोकाच्या अडॅप्टरपाशी उडी असेल, तर मेम्ब्रेन धडधाकट आहे, गेली आहे ती ओ-रिंग. ही रिंग ईपीडीएम या कृत्रिम रबराची असते. तिला ग्लिसरीन लावायचे. हाताशी आहे म्हणून साधे ग्रीस फासले तर पेट्रोलियमने ईपीडीएम फुगते, बसवताना मुरडते आणि महिन्याभरात पुन्हा तीच रड. आता ‘याऐवजी हे वापरा’वाला नवा अडॅप्टर आला आणि त्याची खाच अर्ध्या मिलिमीटरने वेगळी निघाली, तर जुनी रिंग सैल पडते. काही रुपयांच्या रबरापायी अख्खा मेम्ब्रेनचा संच भंगारात जातो, आणि कागदोपत्री सगळे बरोबर असते.

म्हणून पहिली मागणी : यंत्राबरोबर येणाऱ्या पार्ट लिस्टमध्ये प्रत्येक वस्तूच्या पुढे तीन गोष्टी हव्यात. मूळ उत्पादकाचे नाव, मूळ उत्पादकाचा नंबर, आणि माप व मटेरियल. नुसता विक्रेत्याचा स्वतःचा नंबर चालवून घेऊ नका. हाय प्रेशर पंप बहुतेक वेळा बाहेरून घेतलेला असतो, त्यावर पाटी तेवढी आपली लावतात. सील किटचा मूळ नंबर जहाजावर असेल तर कंपनी बुडाली, विकली गेली किंवा रुसली, तरी पंप उघडता येतो. ओ-रिंगचे वर्णन ‘ओ-रिंग, छोटी’ असे नको. आतला व्यास, जाडी, ईपीडीएम की नायट्राइल, हे हवे.

केमिकलचेही असेच. मेम्ब्रेन धुण्याची डबाबंद पावडर कंपनीच्या नावाने येते, एक क्रमांकाची आणि दोन क्रमांकाची. आत पाहाल तर एकात मुख्यतः सायट्रिक ॲसिड, दुसऱ्यात कॉस्टिक आणि डिटर्जंट. चुना बसला असेल तर सायट्रिकचे २ टक्क्यांचे पाणी, शेवाळ-चिकटा असेल तर ११ ते १२ पीएचचे अल्कली. दोन्ही करायचे तर आधी अल्कली, मग ॲसिड. उलटे केले तर सेंद्रिय चिकटा घट्ट बसतो. प्लांट आठवड्याहून जास्त बंद राहणार असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइटचे १ टक्क्याचे पाणी भरून ठेवायचे, म्हणजे १०० लिटरला १ किलो, आणि महिन्याने बदलायचे. ते फूड ग्रेड हवे आणि कोबाल्ट मिसळलेले नको, कारण कोबाल्टमुळे मेम्ब्रेनचे ऑक्सिडेशन होते. हे कॅनवर लिहिलेले नसते, खरेदीच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहावे लागते. डब्यात काय आहे हे पुरवठादाराने करारात लेखी दिले, तर नव्या मालकाने डब्याची किंमत तिप्पट केली तरी जहाज अडणार नाही.

दुसरी मागणी पीएलसीची, आणि सगळ्यात मोठा अडथळा इथेच येतो. प्लांटचा प्रोग्राम पासवर्डखाली बंद असतो. कंट्रोलर जळला तर बाजारात त्याच मेकचा कोरा कंट्रोलर मिळतो, पण आत घालायला प्रोग्राम नाही. जुनी कंपनी असेपर्यंत तिचा माणूस मेलवर फाइल पाठवायचा. विक्रीनंतर मेलचे डोमेन बंद, माणूस निवृत्त, नवे घर म्हणते की ती मॉडेलमालिका आता सपोर्टमध्ये नाही, पूर्ण पॅनेल बदला. डिलिव्हरीच्या दिवशी प्रोग्रामची उघडी, कॉमेंटसहित प्रत, पासवर्ड, एचएमआयची (पॅनेलवरच्या स्क्रीनची) फाइल आणि ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना जहाजावर आणि डॉकयार्डात, दोन्हीकडे जमा झाला पाहिजे. पुरवठादार बौद्धिक संपदेचे कारण पुढे करेल. तेव्हा सीलबंद प्रत तिसऱ्याकडे ठेवा आणि ती कधी फोडायची हे करारात लिहा : मालकी बदलली, मॉडेल बंद केले, किंवा ३० दिवसांत उत्तर आले नाही. शिवाय पॅनेलवर हाताने चालवण्याची सोय हवी. फीड पंप, एचपी (हाय प्रेशर) पंप आणि खराब पाणी बाहेर सोडणारा डंप व्हाल्व्ह हे तीन स्विचवर चालले, आणि दाब कमी झाला की पंप बंद करणारा स्विच पीएलसीविना वायरने जोडलेला असला, की पीएलसी मेली तरी पाणी येते.

तिसरा मुद्दा टेस्टचा. युरोप-अमेरिकेत कारखान्यातली चाचणी होते २५ अंश तापमानाला आणि ३५,००० पीपीएम खारटपणाला. आपली जहाजे २०१९ पासून व्यापारी जहाजांच्या संरक्षणाच्या ऑपरेशन संकल्पसाठी होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आसपास जात आहेत. पर्शियन आखाताच्या आत पाणी ४०,००० पीपीएमच्या घरात असते आणि उन्हाळ्यात ३२ अंशांच्या वर जाते. ३५ टक्के रिकव्हरीला शेवटच्या मेम्ब्रेनमधले ब्राइन (उरलेले खारे पाणी) ६१,००० च्या पुढे जाते, त्याचा ऑस्मॉटिक दाब, म्हणजे गोडे पाणी काढायला आधी ओलांडावा लागणारा दाब, ५० बारच्या आसपास. पंप ६० बारचा असेल तर टोकाला ढकलायला उरले किती? दुसरीकडे दर अंशाला मेम्ब्रेनमधून सुमारे ३ टक्के पाणी जास्त जाते आणि त्याबरोबर मीठही जास्त झिरपते. म्हणजे टन कमी-जास्त होतातच, टीडीएसही ५०० ची रेषा ओलांडू शकतो. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे. तेव्हा चाचणी दोन बिंदूंवर मागा : २५ अंश-३५,००० आणि ३२ अंश-४०,०००. कारखान्यात मीठ मिसळून आणि पाणी गरम करून ती सहज होते. नवा मालक खर्च वाचवायला मेम्ब्रेनचा आकडा एकाने कमी करत असेल, तर ते याच चाचणीत उघडे पडते.

बंदरातल्या चाचणीबद्दल एक सांगायचे राहू नये. मुंबई बंदरातले पाणी ठाणे खाडीच्या गाळाने भरलेले, त्यावर तेलाचा तवंग. सिल्ट डेन्सिटी इंडेक्स (पाणी फिल्टर किती लवकर तुंबवते याचा आकडा) ५ च्या खाली असेल तरच आरओ चालवावा, ३ च्या खाली उत्तम. बंदरात तो आकडा बहुधा मिळतच नाही. ५ मायक्रॉनची कार्ट्रिजे काही तासांत तुंबतात आणि तेलाचा थेंब मेम्ब्रेनला लागला तर तो निघत नाही. तरी ट्रायल्सच्या यादीत ओळ आहे म्हणून प्लांट धक्क्यावर चालवला जातो. ती ओळ बदला. धक्क्यावर फक्त फीड पंप, फिल्टर, अलार्म आणि ट्रिप (बिघाड झाला की आपोआप बंद होणे) तपासा, पाणी समुद्रात गेल्यावर बनवा. मेम्ब्रेनही व्हेसलमध्ये समुद्री चाचणीच्या तोंडावरच भरा, तोवर कोरडी, पाकिटबंद राहू द्या. जहाज बांधायला वर्षे लागतात. पाच वर्षांपूर्वी भरलेल्या मेम्ब्रेनची वॉरंटी प्लांट गोदीत आल्याच्या तारखेपासून मोजली, तर जहाज कमिशन होण्याआधीच ती संपते. मध्ये कंपनी विकली गेली असेल तर जुना मालक नव्याकडे आणि नवा जुन्याकडे बोट दाखवतो. वॉरंटीची तारीख ‘समुद्रात पहिले पाणी बनवल्यापासून’ अशी घाला.

क्लोरिनवर स्वतंत्र ओळ हवी. शेवाळ बसू नये म्हणून सी चेस्टमध्ये (जहाजात समुद्राचे पाणी घेणाऱ्या कप्प्यात) इलेक्ट्रो-क्लोरिनेशन, म्हणजे विजेने समुद्राच्या पाण्यातून क्लोरिन काढणारे यंत्र, बसवलेले असते, आणि पॉलिअमाइड मेम्ब्रेनला क्लोरिन म्हणजे विष. साधारण हजार पीपीएम-तासांत मीठ अडवण्याची ताकद कोसळते. म्हणजे फक्त १ पीपीएम क्लोरिन असले तरी दीड महिन्याच्या आत. जहाजावर हे दोन वाटांनी घुसते. एक, सी चेस्टमधून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी वाट कोणाच्या लक्षात येत नाही. प्लांट बंद करताना गोड्या पाण्याने फ्लश करतात आणि ते पाणी टाकीतले, म्हणजे क्लोरिन टाकलेले. त्या लाइनवर कार्बन फिल्टर असतो. त्याची कार्ट्रिज सहा महिन्यांनी बदलायची असते आणि ती बदललेली आम्हाला क्वचितच दिसते. या कार्बन कार्ट्रिजचा नंबर पार्ट लिस्टमध्ये नसणे, ही मालकबदलानंतर सर्रास दिसणारी गफलत आहे, कारण नवी यादी प्लांटची असते आणि फ्लशिंगचा संच पूर्वी ‘ॲक्सेसरी’ म्हणून विकला गेलेला असतो.

आता कराराकडे. अमेरिकेत परराष्ट्र खात्याकडे नोंदणी असलेल्या संरक्षण उत्पादकाची मालकी बदलली, तर ५ दिवसांत कळवावे लागते. खरेदीदार परदेशी असेल तर ६० दिवस आधी. मालकी बदलल्याने एखाद्या पंपाचे निर्यात-वर्गीकरण आपोआप बदलत नाही, पण साधी व्यापारी कंपनी संरक्षणवाल्या घरात गेली की कागदांची चाळणी बारीक होते आणि एका सील किटला लागणारे आठवडे वाढतात. आपल्या करारात अशी पूर्वसूचना किमान ९० दिवसांची ठेवा. सूचना आल्यापासून सहा महिने जुन्या दराने शेवटची खरेदी करण्याचा हक्क ठेवा. एका प्लांटसाठी त्या वेळी काय उचलायचे तेही सांगतो : अडॅप्टर आणि इंटरकनेक्टरचे (दोन मेम्ब्रेन जोडणाऱ्या तुकड्यांचे) दोन पूर्ण संच, पंपाची तीन सील किट आणि एक आख्खा पंप, कंडक्टिव्हिटीचे एक कार्ड व दोन सेल, प्रेशर ट्रान्समीटर दोन, डंप व्हाल्व्हचे सोलेनॉइड दोन. मेम्ब्रेन उचलू नका. ते कपाटात म्हातारे होते आणि उद्याही बाजारात मिळते.

लोखंडाबाबत एकच. ६० बारच्या बाजूची पाइप ड्युप्लेक्स किंवा सुपर ड्युप्लेक्सची (समुद्राच्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलची), हे स्पेसिफिकेशनमध्ये ठरलेले असते. नवा मालक ‘समतुल्य’ म्हणून ३१६एल हे नेहमीचे स्टेनलेस स्टील सुचवेल. गरम, साठलेल्या समुद्राच्या पाण्यात ३१६एलला गॅस्केटखाली खड्डे पडतात, आणि पाणी जिथे थांबते, म्हणजे बंद प्लांटमध्ये, तिथेच आधी पडतात. ‘किंवा समतुल्य’ हे शब्द त्या ओळीतून काढा.

उष्णतेवर चालणाऱ्या फ्रेश वॉटर जनरेटरबद्दल फार लिहीत नाही. गॅस टर्बाइनच्या जहाजाला मुख्य इंजिनाचे जॅकेट वॉटर, म्हणजे इंजिन थंड करताना तापलेले पाणी, नसते, त्यामुळे तिथे आरओच. पण डिझेलच्या मदतनौकांवर तो आहे, आणि त्याच्या टायटॅनियम प्लेट व गॅस्केट या मेकप्रमाणे बदलतात, मेम्ब्रेनसारख्या एकमेकांत बसत नाहीत. तिथे मालकबदल जास्त टोचतो. पुण्यात दापोडीला अल्फा लावलचा कारखाना आहे, म्हणजे निदान एका मेकसाठी तरी सातासमुद्रापार जावे लागू नये. खरेदी करताना गॅस्केट देशात बनते की नुसते विकले जाते, एवढे विचारा.

आपल्या युद्धनौका चालवणाऱ्या झोर्या-मॅशप्रोएक्ट कंपनीच्या गॅस टर्बाइनांनी हा धडा एकदा दिला आहे. त्यांचा कारखाना युक्रेनच्या मायकोलाइव्हचा, आणि युद्ध पेटल्यावर स्पेअर्सची काळजी कोणाला लागली ते आपण जाणताच. टर्बाइन मोठी, म्हणून तिच्यावर बैठका झाल्या. पाण्याचा प्लांट कोपऱ्यात असतो. पण त्याच पाण्यावर टर्बाइनचा कॉम्प्रेसर धुतला जातो, हेलिकॉप्टरवरचे मीठ उतरवले जाते, चिल्ड वॉटरची टाकी भरली जाते. जहाजावर पाण्याचे रेशनिंग सुरू झाले की आधी आंघोळ बंद होते, कॉम्प्रेसर वॉश त्याच्या पाठोपाठ.

हे सगळे नव्या जहाजांचे झाले. आज सेवेत असलेल्या जहाजांसाठी आमची विनंती साधी आहे. मुंबईच्या नौदल गोदीने येत्या रिफिटमध्ये (मोठ्या दुरुस्तीत) प्रत्येक आरओ प्लांटच्या पीएलसीला लॅपटॉप जोडून बघावा : प्रोग्राम उतरवून घेता येतो का, पासवर्ड कोणाकडे आहे, आणि पाटीवरच्या कंपनीचा मालक आज कोण आहे. एका प्लांटला एक माणूस, अर्धा दिवस. ज्या प्लांटचा प्रोग्राम उतरत नाही त्यांची यादी आधी करा. आम्ही तिथून पुढचे काम करायला तयार आहोत.

आपले,
जहाजांवरील गोड्या पाण्याच्या यंत्रांवर काम करणारे अभियंते व तंत्रज्ञ, मुंबई